सोळा आणे आणि शंभर पैसे

दहा पैसे दहा वेळा मोजले म्हणजे एक रुपया होतो, हे सांगण्यासाठी कोणी व्यासपीठावर उभे राहावे असे आपणांस वाटणार नाही. मलाही वाटले नसते. परंतु काही वर्षांपूर्वी मुंबईतील एका लहान पतपेढीचे चिटणीस, जे पूर्वी शाळेत गणित शिकवीत असत, एक कागद घेऊन माझ्याकडे आले. पेढीच्या हिशेबासाठी एका होतकरू मुलाने संगणकावर आज्ञावली लिहून दिली होती. ती बेरीज करी, आणि बेरीज अपेक्षित रकमेशी जुळते की नाही हेही सांगे. मास्तरांनी सवयीप्रमाणे अगदी सोपे उदाहरण घालून पाहिले : ०.१ ही रक्कम दहा वेळा. उत्तर यायला हवे होते १. यंत्राने छापले ०.९९९९९९९९९९९९९९९९, आणि खाली शेरा दिला, ‘जुळत नाही’. मास्तर म्हणाले, “अहो, पहिलीतल्या पोराने असे उत्तर दिले असते तर मी त्याला बाकावर उभे केले असते. आता या यंत्राला कोठे उभे करू?”

यंत्र बिघडलेले नव्हते. त्या मुलाचीही चूक म्हणावी तर फार थोडी होती. ही गोष्ट नीट समजून घ्यायची तर आपल्याला यंत्राकडे जाण्याआधी आपल्याच आजोबांच्या चोपडीकडे जावे लागते, कारण या प्रश्नाचे एक टोक मुंबईच्या टांकसाळीत आहे आणि दुसरे याच शहरातील एका प्रयोगशाळेत.

१ एप्रिल १९५७ पूर्वीचा रुपया कसा मोडत असे ते आठवा. रुपयाच्या दोन अधेल्या, अधेलीच्या दोन पावल्या, पावलीच्या दोन चवल्या, चवलीचे दोन आणे, आण्याचे दोन अर्धे आणे, अर्ध्या आण्याचे दोन पैसे. रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. म्हणजे रुपयापासून पैशापर्यंत सहा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर एकच क्रिया, मधोमध दोन भाग करणे. फक्त शेवटच्या पायरीला हा नियम मोडतो : पैशाच्या तीन पै, म्हणजे आण्याच्या बारा आणि रुपयाच्या एकशे ब्याण्णव. पण पै पुढे पुढे वहीतच राहिली, बाजारातून ती केव्हाच हद्दपार झाली होती. भाषेत मात्र आपण अजून ‘पै न् पै’ चुकती करतो.

वजनाचेही तेच. शेर, अच्छेर, पावशेर, अदपाव, छटाक. छटाक म्हणजे शेराचा सोळावा भाग, जसा आणा रुपयाचा. अदपावालाच नवटाक म्हणत, आणि दारूबंदीच्या काळात गिरगाव-लालबागच्या गल्ल्यांतून या शब्दाला जी वेगळीच प्रतिष्ठा मिळाली, तिच्याविषयी येथे अधिक न बोलणे बरे.

हे असे दोनांचे घर का बसले? कारण साधे आहे. दोन पारड्यांच्या तराजूला दुसरे काही येतच नाही. तुमच्यापाशी एक शेराचा धडा आहे, बाकी एकही वजन नाही. तरी शेरभर धान्य घेऊन ते दोन पारड्यांत सारखे होईपर्यंत इकडचे तिकडे केले की अच्छेर हाती आला. पुन्हा तेच केले की पावशेर. निम्मे करणे ही तराजूची मातृभाषा आहे. दहावा भाग मात्र केवळ अशा निम्मे-निम्मे करण्याने कधीच हाती येत नाही. हे ‘कधीच’ लक्षात ठेवावे, त्याचे काम पुढे आहे.

आपले जुने अंकगणित याच भाषेत बोलत असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही उजळणी ज्यांनी संध्याकाळी परवचा म्हणताना घोकली त्यांना ठाऊक आहे की यांतले सगळे अपूर्णांक पाव आणि अर्धा यांपासूनच झालेले आहेत. त्यांत एकही तृतीयांश नाही, एकही पंचमांश नाही. लिहिण्याची पद्धत तर याहून बोलकी. सव्वा लिहिताना एकाच्या पुढे एक उभी दांडी, दीडला दोन, पावणेदोनला तीन. चौथी दांडी कधीच नाही, कारण चार पाव झाले की पूर्णांकच एकाने वाढला. पावाच्या खालच्या आण्यांसाठी निराळ्या वळणाच्या रेघा, आणि त्याही तीनच्या पुढे जात नसत, कारण चार आणे झाले की एक पाव. आजच्या गणिताच्या परिभाषेत सांगायचे तर पूर्णांक दहाच्या पायावर आणि अपूर्णांक चाराच्या पायावर अशी ही लेखनपद्धती होती. पेढीवरच्या कारकुनाला ही परिभाषा माहीत नव्हती, आणि तिच्यावाचून त्याचे काही अडलेही नाही.

आता १९५७. संसदेने १९५५ साली नाणेविषयक कायदा सुधारला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले. (‘नवे’ हे विशेषण १ जून १९६४ ला गळाले.) कोटातल्या टांकसाळीने ती इवलीशी नाणी पाडली, आणि काही काळ जुनी व नवी नाणी एकाच खिशात खुळखुळू लागली. अडचण अशी की शंभराला सोळाने भागले तर सव्वासहा येतात. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. आणि पाव नवा पैसा तर कोणी पाडलेला नाही. म्हणून कायद्यात नियम घातला : जवळच्या पूर्ण नव्या पैशापर्यंत रक्कम धरावी, आणि दोन्हीकडे अंतर सारखेच असेल, म्हणजे नेमका अर्धा उरत असेल, तर खालची धरावी. त्याप्रमाणे कोष्टके छापली गेली. एक आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९, चार आण्यांचे २५. पुढे ३१, ३७, ४४, ५०, आणि असेच पंधरा आण्यांच्या ९४ पर्यंत.

या कोष्टकात एकही चूक नाही, आणि तरीही ते स्वतःशीच भांडते. एकेक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर अठरा नवे पैसे. एकदम घेतल्या तर एकोणीस. सोळा वेळा एकेक आणा दिला तर शहाण्णव नवे पैसे होतात, रुपया होत नाही. येथे गिऱ्हाईक फायद्यात. पण खालच्या टोकाला पाहा. जुना एक पैसा म्हणजे १.५६२५ नवे पैसे. कोष्टकाने ते झाले २. एका पैशाच्या चार वस्तू एकेक करून घेतल्या तर आठ नवे पैसे, आणि त्याच एकदम आण्याला घेतल्या तर सहा. चौसष्ट वेळा एकेक पैशाची खरेदी करणाऱ्याचे रुपयाच्या जागी १२८ नवे पैसे जातील. आता शहरात आण्याच्या वर खरेदी करणारा कोण, आणि पैशा-पैशाची कोथिंबीर, पैशाची काड्यापेटीतली निम्मी काडी असा संसार करणारा कोण, हे परळ-लालबागच्या चाळींत राहिलेल्यांना सांगावे लागू नये. कायद्याने श्रीमंताला आणि गरिबाला एकच नियम लावला. पण आकडा जितका लहान तितकी त्याच्यावर बसणारी खोट मोठी, हा अंकगणिताचा नियम कायद्याच्या हातातला नव्हता. जुना पैसा चालत होता तोवर हे झाकले गेले. दुकानदाराने भावाची पाटीच ‘२ नवे पैसे’ अशी पुसून लिहिली की मग ते उघडे पडले.

(मुंबईच्या गिरणीकामगारांचा आकड्यांवरचा अविश्वास मात्र केवळ या कोष्टकातून आलेला नाही. महागाईभत्ता ज्या निर्देशांकावर ठरे, त्याच्याच खरेपणाविषयी वाद होऊन १९६३-६४ साली डॉ. लकडावाला यांच्या समितीला तो तपासावा लागला. तो दोष अपूर्णांकांचा नव्हता. पण वेतनपत्रकातला आकडा देवाने लिहिलेला नसतो एवढे त्याने सगळ्यांना शिकवले.)

दशमान नाणी आणायला नको होती असे मला म्हणायचे नाही. रुपये-आणे-पै यांचे गुणाकार ज्यांनी केले आहेत ते असे कधी म्हणणार नाहीत. मौज निराळीच आहे. ज्या वर्षांत आपण दोनांचे घर मोडून दहांचे बांधीत होतो, नेमक्या त्याच वर्षांत याच मुंबईत काही तरुण मंडळी दोनांचे एक नवे घर उभारीत होती.

टाटा मूलभूत संशोधन संस्थेत डॉ. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली एक विद्युत्‌गणकयंत्र घडत होते. त्याचा लहान नमुना १९५६ साली चालू झाला आणि पूर्ण यंत्र १९६० साली. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफरॅक’ असे नामकरण केले. हे यंत्र बाहेरून तयार आणलेले नव्हते, आपल्या माणसांनी येथे बांधलेले होते. त्याची धाटणी अमेरिकेत प्रिन्स्टन येथे फोन नॉयमन यांनी आखलेल्या यंत्राची होती. फोन नॉयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४६ च्या आपल्या अहवालात एक निर्णय सकारण मांडला होता : यंत्राने दहा अंकांत मोजू नये, शून्य आणि एक या दोनच अंकांत मोजावे. त्याआधीचे प्रसिद्ध ‘एनियाक’ यंत्र दहा अंकांत मोजत असे. पण विजेच्या मंडलाला ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोनच अवस्था स्वाभाविक. निम्मे करणे जशी तराजूची मातृभाषा, तशी ती या यंत्राचीही.

टिफरॅकमध्ये एका संख्येला चाळीस द्विमान अंकांची जागा होती आणि अशा २०४८ संख्या त्याच्या स्मरणात मावत. अपूर्णांकासाठी पहिली जागा अर्ध्याची, दुसरी पावाची, मग आठव्या भागाची, मग सोळाव्याची. म्हणजे अधेली, पावली, चवली, आणा! आमच्या आजोबांची चोपडी या यंत्राला दिली असती तर चौसष्टाव्या भागापर्यंत त्याने ती एक कणही न सांडता वाचली असती. तृतीयांशाची पै तेवढी त्याला अडली असती. आणि नव्या पैशाची चोपडी? शंभर पैशांपैकी अपूर्ण रुपयाच्या फक्त तीन रकमा त्याला नेमक्या लिहिता येतात : पंचवीस, पन्नास आणि पंचाहत्तर. बाकी सगळ्या अंदाजे. आपण चार आणे, आठ आणे, बारा आणे असे अजूनही तोंडाने म्हणतो त्याच या तीन.

अंदाजे का, हे आण्यांतच पाहू. त्याहून सोपी वाट मला सापडलेली नाही. दहा नवे पैसे म्हणजे रुपयाचा दहावा भाग. सोळा आण्यांचा दहावा भाग किती? एक आणा आणि सहा दशांश आणा. त्यातून अर्धा आणा आणखी काढला तर उरतो एक दशांश आणा. म्हणजे रुपयाचा दहावा भाग बरोबर दीड आणा आणि आण्याचा दहावा भाग. ठीक. मग आण्याचा दहावा भाग किती? आण्याचे पुन्हा सोळा भाग करा, त्यांतले दीड भाग घ्या, आणि उरला त्या सोळाव्या भागाचा दहावा भाग. तो किती? पुन्हा दीड, आणि पुन्हा एक दहावा. वाटणी कितीही पुढे नेली तरी दीड देऊन दहावा उरतो. वामनाने पाऊल टाकावे आणि दर वेळी जमीन थोडी उरावीच, असा हा प्रकार. यंत्राला जागा मोजक्या. चाळीस संपल्या की त्याने उरलेला दहावा टाकून द्यायचा. टिफरॅकला ही खोट रुपयाच्या लक्ष कोटी भागांपैकी एकदोन भागांहून मोठी नसे. पण ती असे.

व्यापाऱ्यांना हे रुचणारे नव्हते, आणि त्यांच्यासाठी यंत्रेही वेगळी निघाली. एस्सो कंपनीच्या मुंबईतील कचेरीत १९६१ च्या सुमारास जे आयबीएम १४०१ यंत्र आले ते दहा अंकांतच हिशेब करणारे होते. प्रत्येक दशमान अंक वेगळा ठेवायचा, मुनिमासारखा एकेका घरात हातचा धरून बेरीज करायची. हिशेबाच्या कामासाठी १९५९-६० मध्ये तयार झालेली ‘कोबोल’ ही आज्ञाभाषाही त्याच वळणाची. म्हणजे एकाच शहरात शास्त्रज्ञांचे यंत्र दोनांत मोजत होते आणि तेल विकणाऱ्यांचे दहांत. पुढे लहान यंत्रे घरोघर झाली तेव्हा सरशी दोनांची झाली, आणि लहान पतपेढ्यांचा हिशेबही शास्त्रज्ञांच्या अंकगणितात होऊ लागला.

१९८५ साली या अंकगणिताचे एक आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले, आयईईई ७५४ नावाचे. बर्कली येथील प्राध्यापक विल्यम कहान यांचा त्यात मोठा वाटा. त्यात नेहमीच्या संख्येला त्रेपन्न सार्थ द्विमान अंक मिळतात. तरीही ०.१ ठेवली जाते ती सुमारे ०.१०००००००००००००००००५५५ अशी, खऱ्याहून रतिभर अधिक. मग दहा वेळा मिळवल्यावर उत्तर एकाहून कमी कसे आले? मास्तरांनी मला हाच प्रश्न विचारला, आणि तो विचारण्याजोगा आहे. कारण असे की प्रत्येक बेरजेनंतर यंत्राला उत्तर पुन्हा आपल्या त्रेपन्न घरांत बसवावे लागते. कधी ते वर सरकते, कधी खाली. तीन वेळा मिळवल्यावर ते ०.३ च्या किंचित वर असते, आणि दहाव्या बेरजेला एकाच्या किंचित खाली. नव्या पैशाच्या कोष्टकात तीन वेळा सहा म्हणजे अठरा आणि तीन आणे म्हणजे एकोणीस झाले होते, तेच हे.

ही खोट सोळाव्या-सतराव्या अंकावर आहे, मग कशाला जीव टाकायचा, असे म्हणणारे असतात. त्यांना दोन हकीगती सांगतो. कॅनडातील व्हँकुव्हरच्या शेअरबाजाराने जानेवारी १९८२ मध्ये १००० पासून आपला निर्देशांक सुरू केला. दिवसातून सुमारे तीन हजार वेळा तो नव्याने काढला जाई आणि दर वेळी तिसऱ्या दशांशापुढचे अंक सरळ छाटून टाकले जात. छाटणी नेहमी खालीच. नोव्हेंबर १९८३ मध्ये फलकावर ५२४.८११ आकडा होता. हिशेब दुरुस्त केल्यावर तो १०९८.८९२ निघाला. बाजार चढला होता आणि फलक सांगत होता की तो निम्म्यावर आला.

दुसरी हकीगत पैशाची नाही. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, आखाती युद्धात, सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेची ‘पेट्रियट’ ही बचावाची क्षेपणास्त्रे एका इराकी स्कडला अडवू शकली नाहीत. त्या यंत्रणेचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत असे, आणि त्यांचे सेकंद करण्यासाठी त्या संख्येला एक दशांशाने गुणीत असे. त्या एक दशांशाला जागा होती चोवीस द्विमान अंकांची. दर टिकटिकीला चूक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाइतकी. यंत्रणा सलग शंभर तास चालू होती. म्हणजे छत्तीस लाख टिकटिकी, आणि साठलेली चूक ०.३४ सेकंद. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे जाते. ते सैनिकांच्या निवाऱ्यावर पडले आणि अठ्ठावीस माणसे गेली. दीड आणा देऊन जो दहावा उरतो, तो टाकून दिल्याचा हा हिशेब.

आता अर्ध्याचा प्रश्न तेवढा राहिला. आपल्या १९५५ च्या कायद्याने नेमका अर्धा उरला तर खाली जायला सांगितले होते. असे प्रसंग पंधरा आण्यांत चार : दोन आणे (१२॥), सहा आणे (३७॥), दहा आणे (६२॥) आणि चौदा आणे (८७॥). चारही वेळा कौल खाली, म्हणजे देणाऱ्याच्या बाजूने. १९८५ च्या प्रमाणात नेहमीचा नियम असा आहे की अर्धा आला तर जी शेजारची संख्या सम असेल तिच्याकडे जावे. हा नियम आपल्या कोष्टकाला लावून पाहिला तर १२, ३८, ६२, ८८ असे आकडे येतात. दोनदा खाली, दोनदा वर, देणारा-घेणारा बरोबरीत. आपल्या कायदेकारांना हे सुचायला हवे होते असे मी म्हणणार नाही. भाजीवालीला आणि ट्रामच्या कंडक्टरला ‘सम संख्येकडे जावे’ हे समजावून सांगणे सोपे नव्हते, आणि नियम जो पाळायचा असतो तो तोंडात बसणारा असावा लागतो. मला एवढेच वाटते की कोष्टक करणाऱ्याने कौल कोणाच्या बाजूने दिला हे कोष्टकावरच छापायला हवे.

पतपेढीच्या मास्तरांना मी जे सांगितले ते कोणाही मुनिमाने सांगितले असते. रुपयांत मोजूच नका, पैशांत मोजा. दहा पैसे म्हणजे ०.१ नव्हे, १०. पूर्ण संख्येत यंत्र चुकत नाही. व्याजाच्या भागाकारात अपूर्णांक येईल तेथे तो कोठे आणि कसा सोडायचा हे आधी पोटनियमात लिहा, मग आज्ञावलीत. पंचवीस पैशांपर्यंतची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली आहेत, पण त्या पेढीच्या खातेवहीत आजही प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर ‘रक्कम पैशांत’ असे लिहिलेले आहे, आणि दुरुस्तीनंतर मास्तरांनी पहिले उदाहरण घातले ते तेच, दहा पैसे दहा वेळा. उत्तर आले १००. त्यांनी त्याच्यापुढे तांबड्या शाईने बरोबरची खूण केली.